चार हातांचा कार्बन

आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमचा जबडा त्यांच्या नवऱ्यानेच मोडला, आणि तोही अख्ख्या शाळेसमोर. शिक्षकांचा व्हॉलीबॉलचा सामना चालू होता. नवरा म्हणजे आमचे पीटी सर. जाळीच्या अलीकडे सर, पलीकडे मॅडम. चेंडू वर चढला की सरांना समोर बायको आहे, मुख्याध्यापक आहेत की बैल आहे, काही दिसत नाही. त्यांनी उडी मारून असा तडाखा हाणला की चेंडूचा आणि मॅडमच्या हनुवटीचा आवाज एकच आला. मॅडम आडव्या झाल्या. सर धावत गेले, गुडघ्यावर बसले आणि कळवळून म्हणाले, "रेषेच्या आत होता ना गं?"

डॉक्टरांनी मॅडमचे वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले आणि वरून डोक्यापर्यंत पट्टी गुंडाळली. बोलता येत होतं, पण दातांवर दात ठेवून. आधीच मॅडम कडक, त्यात आता त्या नुसत्या दातांतून फुसफुसायच्या. प्रेशर कुकरसमोर तासाला बसल्यासारखं झालं असतं. म्हणून त्यांना रजेवर पाठवलं.

इथे मोठे सर खूश झाले. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. त्यांचा एक भाचा होता, रसायनशास्त्राचा पदवीधर. गेलं वर्षभर तो रोज टाय लावून शाळेत यायचा आणि स्टाफरूमच्या दारात उभा राहायचा. कुणी शिक्षक खोकला तरी हा आशेने बघायचा.

"पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येताहेत," मोठे सर म्हणाले. "दहावी ब ला समीकरणं जुळवता आली नाहीत, तर मॅडमच्या जागी हा. कायमचा. नियमच आहे तसा."

"कुठला नियम?" पीटी सरांनी विचारलं.

"आत्ता मी बोललो तो."

"मग तोवर दहावी ब ला मी शिकवतो."

भाचा हसला. "तुम्ही? तुम्हाला अणू म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का हो?"

"अणू नाही ठाऊक," सर म्हणाले. "गोळा ठाऊक आहे. धरा." आणि त्यांनी गोळाफेकीचा गोळा भाच्याच्या हातात ठेवला. भाच्याने तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत धरला. मग तो त्याच्या अंगठ्यावर पडला. नख निघालं, ते शिपायाला दाराच्या फटीत सापडलं.

पुढचं सगळं मला ठाऊक आहे, कारण सरांची आणि मॅडमची मुलगी आमच्याच वर्गात होती. तिला सगळे शिट्टी म्हणायचे. गालावर तीळ असलेली, दंडावर बेडक्या असलेली, भांडणात पहिला हात घालणारी मुलगी. घरात रात्री काय झालं ते ती सकाळी प्रार्थनेच्या रांगेत सांगायची.

घरी मॅडम सरांना शिकवत होत्या. स्वयंपाकघरात फरशीवर खडूने लिहून. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बाण, पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे पाण्यात एकच.

"जुळवा," मॅडम दातांतून म्हणाल्या.

सरांनी वाकून बघितलं, डोकं खाजवलं आणि मग पाण्यातल्या ऑक्सिजनखाली बारीकसा दोन काढला. "हे घे. इकडे दोन, तिकडे दोन. एवढंच ना?"

मॅडमनी लाटणं उचललं आणि त्यांच्या पाठीत घातलं.

"अगं, काय झालं?"

"खालचा आकडा बदललात! पाणी राहिलं का ते आता? केस पिवळे करायचं औषध झालं! प्याल?"

"एका दोनाने?"

"एका दोनाने." लाटणं परत पडलं. "वस्तू बदलायची नाही. खालच्या आकड्याला हात लावायचा नाही. पुढे मोठा आकडा लावायचा. एक पाणी पुरत नाही तर दोन पाणी घ्या, पण पाणी पाणीच राहिलं पाहिजे. कळतंय का?"

"बाबांची पाठ बघा," शिट्टीने आम्हाला प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. "आडवे आडवे वळ आहेत. पण तिसऱ्या फटक्याला त्यांना एकदम समजलं. म्हणाले, म्हणजे गणती जुळायला हवी, पण गडी बदलायचा नाही, असंच ना?"

आता ही गणती म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. पीटी सरांचा एक रिवाज होता. मैदानात जाताना सगळ्यांनी ओळीत उभं राहून आपापला आकडा ओरडायचा, आणि परत येताना पुन्हा. जेवढे गेले तेवढे आले पाहिजेत. मुलं, चेंडू, दोऱ्या, सगळं. एक जरी कमी भरला तर मैदान सोडायचं नाही. एकदा मूल सापडेना म्हणून आम्हाला त्यांनी अंधार पडेपर्यंत उभं केलं होतं. ते मूल घरी जेवून झोपलं होतं, तरी त्याला चड्डीवर उचलून आणलं, आकडा ओरडायला लावला, आणि मगच सगळे सुटले. त्यामुळे रासायनिक समीकरणात सरांना एकही गोष्ट नवी वाटली नाही. त्यांना वाटलं, हा तर आपलाच विषय, बायकोने इतकी वर्षं उगाच लपवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकं भिंतीला लावली आणि आमच्या छातीवर पुठ्ठे लटकवले.

"हायड्रोजनला एक हात. दुसरा पट्ट्यात खोचा, मागे. हं. ऑक्सिजनला दोन हात. आणि कार्बनला चार. ढब्बू, तू कार्बन."

"सर, मला दोनच हात आहेत."

"पाय कशाला दिलेत?"

मी ऑक्सिजन होतो. शिट्टी पण ऑक्सिजन. ऑक्सिजन एकटा राहत नाही, म्हणून आम्ही दोघं एकमेकांचे दोन्ही हात गच्च धरून उभे. शिट्टीने माझी बोटं अशी धरली की मला नंतर दोन दिवस पेन धरता आलं नाही.

"हे जोड आधी तुटल्याशिवाय नवे जोड होत नाहीत," सर म्हणाले. "आणि तुटायला काय लागतं? उष्णता!" उडी मारायची दोरी हातात घेऊन त्यांनी आमच्या पोटऱ्यांवर सपकन उष्णता दिली. आम्ही तुटलो. हायड्रोजनवाले एका हाताने आमच्यावर तुटून पडले. एकाचं कोपर माझ्या डोळ्यात गेलं. पण शेवटी मी उभा होतो आणि माझ्या दोन्ही हातांना दोन हायड्रोजन लोंबकळत होते.

"काय झालं?" सर ओरडले.

"पाणी!" आम्ही ओरडलो. माझ्या डोळ्यातून येतच होतं.

"प्रकार कुठला?"

"संयोग!"

"हायड्रोजन किती लागले?"

"चार, सर! दोन जोड्या!"

मॅडमनी हे आम्हाला आधी फळ्यावर पन्नासदा लिहून दिलं होतं. एकालाही आलं नव्हतं. आता आलं, कारण दुखत होतं.

मग अपघटन झालं. एका जोडीला दोन्ही बाजूंनी ओढून तोडायचं. यात दोन सदरे आणि एक खांद्याचा सांधा गेला. विस्थापन तर सगळ्यांना आवडलं. ढब्बूला सल्फेट केलं, त्याचा हात धरून एक बारका मुलगा तांबं म्हणून उभा. शिट्टी लोखंड.

"लोखंड तांब्यापेक्षा जोरकस," सर म्हणाले. "म्हणून ते काय करतं?"

शिट्टीने दाखवलं. तांबं फळ्याखाली जाऊन आपटलं, आणि सल्फेट तिच्या हातात. तांब्याचा पुढचा दात हलायला लागला. दुहेरी विस्थापनात दोन जोड्यांनी आपले गडी एकमेकांत बदलायचे, आणि ज्यांचा साका होतो त्यांनी तळाशी बसायचं. त्यासाठी मारामारी व्हायची, कारण बसायला मिळायचं.

आठवड्यात वर्ग असा दिसायला लागला की शाळेची नर्स आमच्या दाराबाहेरच खुर्ची टाकून बसली. पण समीकरणं आम्हाला झोपेतही जुळायला लागली. फक्त एक गोम होती. नुसतं फळ्यावर लिहिलं की आमची डोकी बंद. हात धरल्याशिवाय आम्हाला काही सुचायचं नाही.

आणि तपासणीच्या आदल्या दिवशी ढब्बूचं मनगट मोडलं. आमचा एकुलता एक कार्बन गेला.

साहेब आले. बुटके, जाडजूड, मिशीवाले, हातात जड घड्याळ. मोठे सर त्यांच्या एका बाजूला, भाचा लंगडत दुसऱ्या बाजूला. शेवटच्या बाकावर मॅडम येऊन बसल्या होत्या, डोक्याला पट्टी, हातांची घट्ट घडी. आम्ही त्यांच्याकडे बघितलं नाही. आमच्या आकड्यांवर त्यांची जागा टांगली होती, आणि त्या आम्हाला दिसल्या असत्या तर आम्हाला दोन अधिक दोनही आलं नसतं.

भाच्याने फळ्यावर लिहिलं: मिथेन अधिक ऑक्सिजन, बाण, कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी. "जुळवा. जागेवर बसून. हात न हलवता." त्याने कुठूनतरी आमचं गुपित काढलं होतं.

कुणीतरी सुस्कारा सोडला.

"येत नाही," मोठे सर आनंदाने म्हणाले.

"उठू का, सर?" शिट्टीने विचारलं.

"उठा!" पीटी सर गरजले. "साहेब, हा वर्ग उभ्याने शिकलाय. पण एक गडी कमी आहे, कार्बन. मोठे सर, तुमचा भाचा देता का?"

"मी पदवीधर आहे," भाचा म्हणाला.

"मी होतो कार्बन," साहेब म्हणाले. सगळे बघतच राहिले. त्यांनी घड्याळ काढून मोठ्या सरांच्या हातात दिलं आणि बाह्या वर केल्या. "कॉलेजात असताना मी कुस्ती खेळायचो. फायलींमध्ये अंग आखडलंय. काय करायचं कार्बनने?"

"हात-पाय फाकवून उभं राहायचं, साहेब. बाकीचं मुलं करतात."

चार हायड्रोजन साहेबांना चिकटले. दोन मनगटांना, दोन घोट्यांना. झाला मिथेन. समोर आम्ही ऑक्सिजनच्या दोन जोड्या.

"डावी बाजू, गणती!"

"एक!" साहेब स्वतःहून ओरडले. त्यांचा चेहरा खुलला होता. मग चार हायड्रोजन, मग चार ऑक्सिजन. नऊ.

"पेटवा!"

दोरी सपासप पडली. पहिली उष्णता साहेबांच्या पोटरीला लागली, ते "आयाई" म्हणाले, आणि आम्ही झेपावलो. ऑक्सिजनच्या दुसऱ्या जोडीने दोन-दोन हायड्रोजन ओढून काढले. एक सुटता सुटेना, तो साहेबांचा बूट घेऊनच गेला. शिट्टीने साहेबांचे दोन्ही हात धरले. मी खाली वाकून त्यांचे दोन्ही पाय धरणार होतो, की झाला असता कार्बन डायऑक्साइड, आणि सगळं संपलं असतं.

तेवढ्यात भाचा ओरडला, "साहेबांना मारताहेत!" आणि त्याने लाकडी स्टूल उचलून पीटी सरांच्या डोक्यात घातलं. स्टूल मोडलं. सर एक पाऊल मागे गेले, पुढे आले आणि त्यांनी भाच्याला टायला धरून गोळाफेकीसारखं गरकन फिरवलं. सुटला तो मोठ्या सरांवर. मोठे सर मागे कोलमडले, आणि मागे मी होतो.

नंतर फक्त अंधार होता आणि मोठ्या सरांचं वजन. पण ऐकू सगळं येत होतं, आणि दिसायचं राहिलं ते शिट्टीने नंतर सांगितलं. पुठ्ठे फाटत होते. शिपाई सोडवायला आला, त्याला कुणीतरी हायड्रोजन समजून साहेबांपासून ओढून काढला आणि त्याचा ओठ फुटला. नर्स ओरडली, मग तिलाच कुणीतरी ढकललं, मग तिनेही कुणालातरी बुकललं. एक काच गेली. साहेबांच्या नाकावर कुणाचंतरी डोकं आदळलं तो आवाज तर मला मोठ्या सरांच्या पोटातून ऐकू आला.

मग पीटी सरांची शिट्टी वाजली. सगळं थांबलं.

"उजवी बाजू, गणती!" त्यांच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं, पण रिवाज म्हणजे रिवाज.

"एक," साहेब नाक दाबून म्हणाले. हायड्रोजन चार भरले. ऑक्सिजन... दोन पाण्यात, एक शिट्टी. तीन.

"आठ," पीटी सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "एक ऑक्सिजन कमी आहे."

मी खालून ओरडत होतो, पण मोठ्या सरांच्या कोटातून काही बाहेर जाईना.

"बघा, साहेब!" मोठे सर माझ्यावर बसूनच म्हणाले. "जुळलं नाही! वर्ग नापास!"

आणि इथे भाच्याने शेण खाल्लं. त्याला मोका दिसला. साहेबांचं नाक गळतंय, सगळे दमलेत, आपण हे पटकन मिटवून दाखवलं की जागा आपली. तो लंगडत फळ्याजवळ गेला. "एवढंच ना? एक कमी तर कमी. हा इथला खालचा दोन पुसला," त्याने कार्बन डायऑक्साइडखालचा दोन बोटाने पुसला, "आणि डावीकडचाही एक कमी केला, की जुळलं. हाय काय अन् नाय काय."

वर्गातून एक सामुदायिक किंकाळी आली.

"सर, कार्बन मोनॉक्साइड केलं यांनी!" शिट्टी साहेबांचे हात तसेच धरून किंचाळली. "विष आहे ते! खिडक्या उघडा!"

आम्हाला शिकवल्याप्रमाणे मुलं खिडक्यांवर तुटून पडली. ज्या उघडत नव्हत्या त्या स्टुलाच्या पायांनी फोडल्या. आणि मागच्या बाकावरून डस्टर आलं. मॅडमचा जबडा बांधलेला होता, हात नव्हता. डस्टर भाच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बसलं आणि तो फळ्याला टेकत टेकत खाली घसरला, पांढरा, तळाशी.

"खालच्या आकड्याला," मॅडम दातांतून फुसफुसल्या, "हात. लावायचा. नाही."

साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला.

"मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "पण मुली, तू माझे हात धरलेस. आणि पाय मात्र माझे मोकळेच राहिले. म्हणजे अजून कुणीतरी पाहिजे होतं ना?"

"हो, साहेब! माझा जोडीदार!"

"मग तो पाय धरणारा गेला कुठे? आकडा पुसून काय होतंय? माझे पाय मोकळेच आहेत की!" त्यांनी एक बूट नसलेला पाय हलवून दाखवला. "शोधा त्याला."

सगळे शोधायला लागले. बाकांखाली, कपाटात, नर्सच्या पेटीत. शेवटी मला मोठ्या सरांच्या मांडीला कडकडून चावायला जागा मिळाली. मोठे सर टुणकन उडाले.

"नऊ!" मी ओरडलो, आणि रांगत जाऊन साहेबांचे दोन्ही पाय धरले. शिट्टीने आणि मी मिळून त्यांना वर उचललं, कारण कार्बन डायऑक्साइड वायू असतो.

"प्रकार?" पीटी सरांनी कपाळावरचं रक्त पुसत विचारलं.

"ज्वलन!"

"उष्णता घेतली की दिली?"

"दिली, सर!" साहेबच वरून ओरडले. "भरपूर दिली!"

मॅडमची जागा वाचली आणि त्या पट्टीसकट कामावर परत आल्या. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की वर्गाचं आकलन अंगात भिनलेलं आहे. पण फुटलेल्या काचा, मोडलेलं स्टूल, मोठ्या सरांच्या मांडीतले माझे दात, हे कुणाच्यातरी नावावर घालावंच लागतं. पीटी सरांना घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. ते मॅडमचा डबा घेऊन दुपारी फाटकापर्यंत येतात, आणि मॅडम फाटकातून डबा घेताना त्यांना कालची समीकरणं विचारतात. चुकलं की गजांमधून हात घालून टपली.

"चेंडू रेषेच्या आतच होता," ते जाताना म्हणतात.

"बाहेर होता," मॅडम म्हणतात. दात अजून बांधलेलेच आहेत.

पीटीची जागा मात्र रिकामी झाली. आणि मोठ्या सरांना रिकामी जागा बघवत नाही.

काल भाचा मैदानावर आला. कपाळावर डस्टरचा चौकोन अजून निळा होता, गळ्यात टायवरून शिट्टी. त्याने ती फुंकली, आणि सवयीने आम्ही ओळीत उभे राहून गणती केली. त्यालाही मोजून. मग शिट्टीने बाह्या सारल्या आणि ढब्बूने प्लास्टरचा हात पट्ट्यात खोचला.

"आज काय खेळायचं?" भाच्याने विचारलं.

"सर, कार्बन नाहीये आमच्याकडे," मी म्हणालो.

भाच्याने आमच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या दोन हातांकडे, मग दोन पायांकडे. पदवीधर होता, त्याला समजलं. टाय खांद्यावर टाकून तो धावत सुटला आणि भिंतीवरून पलीकडे गेला.

प्रयोगशाळेच्या खिडकीत मॅडम उभ्या होत्या. त्यांनी काचेवर खडूने वर जाणारा एक बाण काढला, वायू निसटला की समीकरणात काढतात तसा.

शिट्टीने पुन्हा गणती घेतली. एक कमी भरला. आणि गणती जुळल्याशिवाय मैदान सोडायचं नाही, हे तर आमच्या हाडात बसलंय. आम्ही पट्टे घट्ट केले आणि भिंतीकडे निघालो.